आवणीआधीची तारीख

रुग्णालयातून घरी सोडताना हातात जो कागद मिळतो, त्याच्या तळाशी बहुतेक वेळा ठरलेली ओळ असते: सहा आठवड्यांनी दाखवायला यावे. दुखणं कंबरेचं असेल तर तिच्या वर आणखी एक ओळ: वाकू नये, वजन उचलू नये. हा कागद मे महिन्याच्या अखेरीस लिहिला गेला आणि तो घेऊन जाणारी बाई शहापूर तालुक्यातल्या डोळखांबच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावरची असली, तर सहा आठवडे संपतात ते ऐन आवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत. त्या दिवशी ती पोटरीभर चिखलात वाकलेली असते. दवाखान्याच्या वहीत तिच्या नावापुढे ‘आली नाही’ एवढंच लागतं, आणि पुढे कधीतरी, कुठल्यातरी बैठकीत, ग्रामीण रुग्ण उपचार पुरे करत नाहीत असं कुणीतरी म्हणतं.

मोडलेलं हाड सांधायला साधारण सहा आठवडे लागतात. तो हिशेब कागदावर तसाच उतरला असावा. पण वर्षानुवर्षं दुखणाऱ्या कंबरेत सांधायचं असं बहुधा काही उरलेलंच नसतं. तिथं घाव भरण्याची वाट पाहायची नसते. माणूस दुखण्यासकट कामाला कसा लागेल आणि लागल्यावर कसा टिकेल, ते पाहायचं असतं. यातला पहिला अर्धा भाग, म्हणजे दुखणं पुरतं न जाताही माणूस उभा राहू शकतो, हे समजायला वैद्यकाला जवळपास तीनशे वर्षं लागली. दुसरा अर्धा, म्हणजे उभ्या राहिलेल्या माणसाची विचारपूस करत राहावी लागते, हा त्यानंतरचा धडा. तो पुस्तकांत आला आहे. तालुक्याच्या गावापलीकडे तो अजून फारसा गेलेला नाही.

सुरुवात करायची तर देकार्तपासून करावी लागते. या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या मृत्यूनंतर, १६६४ मध्ये, फ्रेंचमध्ये छापलेल्या त्याच्या ग्रंथात विस्तवाजवळ पाय नेलेल्या मुलाचं चित्र आहे. पायापासून मेंदूपर्यंत एक धागा गेलेला. खाली धागा ओढला गेला की वर घंटा वाजते. दुखणं म्हणजे इजेची बातमी. इजा गेली की बातमी थांबायला हवी, आणि इजाच सापडत नसेल तर बातमी खोटी. हा विचार इतका सोपा होता की तो युरोपातल्या पोथ्यांत राहिला नाही. एक्स-रेमध्ये काही निघालं नाही की घरात जे ऐकू येतं, ‘काही नाही झालेलं, कामाचा कंटाळा आहे’, ते सासूच्या तोंडून देकार्तच बोलत असतो.

या विचाराला मोठा तडा गेला तो दुसऱ्या महायुद्धात. १९४४ मध्ये इटलीतल्या आन्झिओच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकी डॉक्टरला दिसलं की भयंकर जखमी झालेले बरेच सैनिक वेदनाशामक मागतच नाहीत. जखम त्यांच्यासाठी घरी जाण्याचा परवाना होती. म्हणजे जखमेचा आकार आणि दुखण्याचा आकार यांचं गणित सरळ नाही. त्याच सुमारास जॉन बोनिका नावाचा भूलतज्ज्ञ लष्करी रुग्णालयात जखमी सैनिक तपासत होता. हा गडी वैद्यकीय शिक्षणाचा खर्च भागवायला व्यावसायिक कुस्त्या खेळलेला. सांध्यांचं दुखणं त्याने जन्मभर अंगावर वागवलं. कुणा एकट्या डॉक्टरच्या आवाक्यातलं हे काम नाही, शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, व्यायाम शिकवणारे अशा सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसलं पाहिजे, हे त्याने १९५३ च्या आपल्या ग्रंथात मांडलं आणि १९६० मध्ये सिअ‍ॅटलला तसा दवाखाना उभा केला. पुढे १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या जोडीने सांगितलं की मज्जारज्जूत जणू एक दार आहे. ते किती उघडायचं हे खालून येणारी इतर संवेदना ठरवते आणि वरून मेंदूही ठरवतो. ठेच लागलेल्या पोराचा पाय आई चोळते आणि त्याला बरं वाटतं, ते का, याचं पहिलं पटणारं उत्तर हे. १९८३ मध्ये क्लिफर्ड वूल्फने दाखवलं की सतत मार बसलेली मज्जासंस्था स्वतःच हळवी होऊन बसते. मूळ इजा भरली तरी घंटा वाजत राहू शकते, आणि ती खोटी नसते.

पण आपल्या विषयाला सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे विल्बर्ट फोर्डाइस. हा मानसशास्त्रज्ञ बोनिकाच्याच विद्यापीठात होता. त्याने एक साधी गोष्ट पाहिली. रुग्ण कण्हला की गोळी मिळते, कण्हला की विश्रांती मिळते, कण्हला की बायको जवळ येऊन बसते. दुखत नसताना यातलं काहीच मिळत नाही. मग त्याने क्रम उलटवला. गोळी दुखल्यावर द्यायची नाही, घड्याळावर द्यायची. व्यायाम दुखेपर्यंत करायचा नाही. ठरलेल्या आकड्यापर्यंत करायचा आणि बरं वाटत असलं तरी तिथंच थांबायचं. दुसऱ्या दिवशी आकडा थोडा वाढवायचा. रुग्ण काही आठवडे रुग्णालयात राहत, आणि घरच्यांनाही शिकवलं जाई, कारण घरी जुनाच खेळ सुरू झाला तर सगळं पुसलं जाणार. १९७६ च्या त्याच्या पुस्तकाला पुनर्वसनाच्या इतिहासात मान आहे तो क्रम उलटवण्याबद्दल. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते घरच्यांना बोलावणं. उपचार दवाखान्यात होतो पण त्याचा निकाल घरात लागतो, हे तिथं पहिल्यांदा मान्य केलेलं दिसतं.

आता हाच फोर्डाइस डोळखांबला आणून पाहा. त्याच्या अमेरिकी घरात दुखणाऱ्याला ‘पड जरा’ म्हणतात, आणि तोच त्याच्या मते रोग. इथं ‘एवढं उरकून घे, मग पड’ म्हणतात, आणि उरकायचं काही संपत नाही. दुखण्याला इथं बक्षीस मिळत नाही. त्यामुळे ‘जास्त विश्रांती घेऊ नका, हालचाल करा’ हा आज जगभर दिला जाणारा योग्य सल्ला इथल्या बाईच्या कानाला थट्टा वाटेल. मात्र फोर्डाइसचा दुसरा निम्मा भाग, ठरलेल्या आकड्यापाशी थांबण्याचा, तिला सगळ्यात लागू पडतो आणि तोच तिला सगळ्यात अशक्य असतो. कारण तिचा आकडा पाऊस ठरवतो.

आवणी पाहिलेली नसेल त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. रोपांची जागा, म्हणजे राब, उन्हाळ्यातच भाजून ठेवलेली असते. मृगाच्या सरींवर पेरलेलं रोप तीन-साडेतीन आठवड्यांचं झालं की ते उपटायचं, मुळांचा चिखल आपटून झाडायचा, मूठ बांधायची. तिकडे खाचरात चिखलणी झालेली असते. मुठी फेकून दिल्या की बायका एका ओळीत उभ्या राहतात, कंबरेतून वाकतात आणि उलट्या पावलांनी मागे सरकत रोप टोचत जातात. डाव्या हातात मूठ, उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं चिखलात. पाठीवर पूर्वी इरलं असे, आता बहुधा प्लास्टिकची खोळ. ओळीत एकीने कंबर सरळ केली तर तिची जागा मागे पडते आणि सगळ्यांना दिसते. खाचरात पाणी आहे तोवर हे उरकावं लागतं. रोप जून झालं तर फुटवे कमी धरतं. शिवाय अनेक घरांत ही माणसं मजुरीची नसतात, सावडीची असतात. तुमच्या शेतात चौघी येऊन गेल्या म्हणजे त्या चौघींच्या शेतात तुम्ही जाणं लागता. कंबर धरली म्हणून घरी राहिलेली बाई आराम करत नसते, दिवसांचं कर्ज करत असते. रुग्णालयात आठवडाभर पाच-पाचने वाढवत नेलेला आकडा इथं पहिल्या सकाळीच वाहून जातो.

म्हणून पुनर्वसनाची खरी परीक्षा दवाखान्याच्या दाराबाहेर होते. भारतात हे सगळ्यात आधी कुणी ओळखलं असेल तर ते जयपूरला, आणि तेही दुखण्यासाठी नाही, पायासाठी. परदेशी घडणीचे कृत्रिम पाय लोक घेऊन जात आणि घरी गेल्यावर काढून ठेवत. ते लावून उकिडवं बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, अनवाणी चिखलात उतरता येत नसे. १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा जो पाय घडवला, तो या तक्रारी ऐकून घडवला. घरी गेलेल्या माणसाने पाय का टाकून दिला हे विचारायला कुणी गेलंच नसतं, तर जयपूर फूट झाला नसता.

दुखण्याच्या बाबतीत हा प्रश्न विचारायला आणखी वीस वर्षं लागली. सिअ‍ॅटलच्या धर्तीवर पाश्चात्त्य देशांत बरेच दवाखाने निघाले. तीन-चार आठवड्यांचा कार्यक्रम, शेवटच्या दिवशी मोजमाप, रुग्ण सुधारलेला. वर्षाने पाहिलं तर बरेच जण पुन्हा पहिल्या जागी. १९९१ मध्ये डेनिस टर्क आणि थॉमस रूडी यांनी यावरच बोट ठेवलं: दुखणं उलटणं आणि घरी सांगितलेलं न होणं, हे विषय संशोधकांनी दुर्लक्षित ठेवले आहेत. त्यांच्या हाताशी कल्पना आली ती व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातून. अ‍ॅलन मार्लट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ मध्ये लिहिलं होतं की दारू सोडलेल्या माणसाचा पाय एकदा घसरणं वेगळं आणि तो पुन्हा व्यसनात बुडणं वेगळं. पहिल्या घसरणीला तो ‘संपलं सगळं’ असं समजला तरच दुसरी गोष्ट घडते. तेव्हा घसरणीची तयारी उपचारातच करून द्यायची.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर मुक्तांगण सुरू केलं. तिथं राहून उपचार घ्यायचा काळ असतो महिनाभराच्या आसपास. पण त्या संस्थेचा आधार तिथून बाहेर पडल्यावरच्या पाठपुराव्यात आहे. ठिकठिकाणी भरणाऱ्या बैठका, आधी त्याच वाटेने गेलेला माणूस समोर बसलेला, बायकांसाठी वेगळा गट. पुनर्वसन म्हणजे एकदा करून संपणारी गोष्ट नाही हे महाराष्ट्रात व्यसनाच्या बाबतीत घराघरांत पोचलं आहे. नवरा महिन्याने बैठकीला गेला नाही तर बायको फोन करते. तीच बायको स्वतःच्या गुडघ्याच्या बाबतीत ‘व्यायाम सांगितले होते, सुटले’ म्हणते आणि विषय संपतो. व्यसनात सुटणं हा धोका मानला जातो. दुखण्यात ते गृहीत धरलेलं असतं.

दुखणं उलटतं तेव्हा रुग्णाला वाटतं उपचार फसला. डॉक्टरला वाटतं रुग्णाने ऐकलं नाही. दोघंही एकमेकांना हे सांगत नाहीत, आणि बाई पुढच्या आठवड्यात सुई टोचून घ्यायला दुसरीकडे जाते. डायक्लोफेनॅकच्या इंजेक्शनने दोन दिवस बरं वाटतं यात शंका नाही. (जनावरांना दिल्या गेलेल्या याच औषधाने आपल्याकडची गिधाडं जवळपास संपवली, म्हणून जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली. माणसांच्या मूत्रपिंडांची मोजदाद कुणी एवढ्या तळमळीने केल्याचं ऐकिवात नाही.) निरगुडीच्या पाल्याचा शेक यापेक्षा कितीतरी निर्धोक, बिब्ब्याचा चटका मात्र नाही. पाड्यावरची म्हातारी माणसं दोन्हीही करतात. कोणतं राहू द्यावं आणि कोणतं थांबवावं हे सांगायला एक माणूस अधूनमधून दारात यायला हवा.

पाठपुरावा न झाल्याने काय होतं याचं मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण आपण पाहिलेलं आहे. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकनगुनियाची साथ आली, आणि मग तीसेक वर्षं तो देशातून जवळपास दिसेनासा झाला. २००५ च्या अखेरीस तो परतला आणि २००६ मध्ये देशभरात सुमारे चौदा लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. महाराष्ट्रातली खेडीच्या खेडी झोपली होती. ताप आठवड्यात उतरला. सांधे मात्र अनेकांचे महिनोन्महिने, काहींचे वर्षानुवर्षं धरून राहिले. सरकारी आकड्यात ते सगळे बरे झालेले होते. साथ मोजायची यंत्रणा होती, तापाची होती, डासांची होती. सकाळी उठताना पावलं जमिनीला टेकवता न येणाऱ्या माणसाची नोंद कुठल्या वहीत करायची, हे ठरलेलंच नव्हतं. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातही तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या दुखण्याला स्वतःचं घर मिळालं ते अकराव्या आवृत्तीत. ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि २०२२ पासून लागू.

विचारपूस केल्याने फरक किती पडतो? इथं अवास्तव बोलू नये. ऑस्ट्रेलियात झालेला एक चांगला प्रयोग २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. कंबरदुखीतून नुकतेच उठलेले ७०१ लोक घेतले. निम्म्यांना सहा महिने अधूनमधून फिजिओथेरपिस्टचा सल्ला, दुखण्याबद्दलची माहिती आणि हळूहळू वाढवत न्यायचा चालण्याचा कार्यक्रम दिला. उरलेल्यांना काही नाही. दुखणं पुन्हा उलटेपर्यंतचा मधला काळ दुसऱ्या गटात ११२ दिवस निघाला, पहिल्यात २०८. दुखणं टळलं नाही, लांबलं. चालण्याचा गुण किती आणि विचारपुशीचा किती, हेही या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही. तरी लांबलेले ते शहाण्णव दिवस डोळखांबच्या पंचांगात मांडून पाहा: मृगापासून गौरी-गणपतीपर्यंत. एवढा काळ कंबर उभी राहिली तर वर्षाचं भात घरात येण्याची निम्मी वाट झाली.

पाड्यावरच्या बाईला चालायला सांगायची गरज नाही हे उघड आहे. शहापूर तालुक्यात आणि त्याच्या आसपास तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा. मुंबईला बरंचसं पाणी जातं ते इथून, आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, वर चढण. त्यात मोळी. हे चालणं त्या प्रयोगात मोजलेलं नाही. तेव्हा पाठपुराव्याला जाणाऱ्याने ‘व्यायाम करता का’ याच्या आधी ‘पाणी कुठून आणता’ हे विचारावं. इगतपुरीच्या बाजूच्या भावली धरणातून गुरुत्वाकर्षणाने शहापूरच्या गावपाड्यांना पाणी आणायची योजना आहे. तिच्या कामाच्या फलकावर कंबरेचा उल्लेख नसतो, पण ज्या दारात तो नळ येईल तिथल्या मणक्यांचा भार पंधरा-वीस लिटरने, तोही दिवसातून अनेकदा, उतरेल.

आवणीचंही तसंच. डोळखांबपासून फार लांब नाही, नेरळला, चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राइस तंत्र बसवलं आहे. गादीवाफे, लोखंडी साच्याने पाडलेली भोकं, त्यांत थेट टोकलेलं बी. चिखलणी नाही, रोप उपटणं नाही, वाकून लावणी नाही. शेतीवाले त्याकडे खर्च आणि जमिनीचा पोत या अंगाने बघतात, आणि तणनाशकावरचा भर हा त्यातला वादाचा मुद्दा आहे, तो मलाही खटकतो. पण कंबरेच्या अंगाने या पद्धतीकडे कुणी पाहिलेलं माझ्या वाचनात नाही. आठवडेच्या आठवडे वाकणं वाचवणारी गोष्ट फिजिओथेरपीच्या पुस्तकात नसून कृषी सहायकाच्या पिशवीत असेल, तर पाठपुराव्याच्या यादीत कृषी सहायकाचं नाव हवं.

माणसं कुठून आणायची, हा पुढचा प्रश्न. मुंबईत हाजीअलीची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे आणि आसनगावहून लोकल मिळते. पण पाड्यावरून डोळखांब, तिथून एसटीने किंवा भरलेल्या जीपने शेणव्यावरून शहापूर, मग आसनगाव, असा प्रवास दुखरी कंबर घेऊन एकदा होतो. दर महिन्याला होत नाही. डोळखांबला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण प्राथमिक केंद्रात फिजिओथेरपिस्टचं पद साधारणपणे नसतं. तेव्हा तज्ज्ञाने शिकवायचं आणि गावातल्याने सांभाळायचं, यावाचून वाट नाही. ही वाट देशात चोखाळलेली आहे. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कोळिकोडला वेदनाशमनाचा दवाखाना काढला. दवाखान्यात येऊ न शकणारेच जास्त आहेत हे दिसल्यावर काही वर्षांत त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना शिकवून घरोघरी जाणारं जाळं उभं केलं. मोजदाद आणि शस्त्रक्रिया यांसाठी आपल्याकडे गडचिरोलीचं उदाहरण आहे. ‘सर्च’ या संस्थेने तिथल्या खेड्यांतल्या पाठ-कंबरदुखीचा अभ्यास केला, आणि मणक्याचे शल्यचिकित्सक डॉ. शेखर भोजराज यांचं स्पाइन फाउंडेशनचं पथक मुंबईहून तिथे जात राहिलं.

गडचिरोलीकडून घेण्यासारखी त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वेळापत्रक. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले, आणि २०११ पासून तीच कल्पना देशभरच्या आशा स्वयंसेविकांच्या कामात आली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशा घरी जाते तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. हे दिवस बाळाचा धोका पाहून बेतलेले आहेत. म्हणूनच सुरुवातीचे जवळजवळ आणि पुढचे लांब. जुनाट दुखण्याच्या धोक्याचे दिवस कोणते हे डोळखांबला कुणीही सांगेल. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, राब पेरायच्या आधी, एक फेरी; तीत ठरवून टाकायचं की या वर्षी किती सलग वाकायचं, लावणी आणि मुठी पुरवणं यांची अदलाबदल सावडीतल्या कुणाशी करायची, उसण भरली तर दोन दिवस काय करायचं, गोळी कोणती आणि जास्तीत जास्त किती. आवणी चालू असताना एक फेरी, संध्याकाळी, चुलीजवळ. पाय लुळा पडतोय का, लघवी-शौचावरचा ताबा जातोय का, ताप आहे का, एवढं विचारायला पाच मिनिटं पुरतात, आणि यातलं एकही ‘हो’ आलं तर थांबायचं नाही, थेट उपजिल्हा रुग्णालय गाठायचं. कापणीआधी एक. पाण्याच्या टंचाईत एक. मधल्या काळात बचत गटाची बैठक असतेच. दुखण्यातून वाट काढलेली एखादी बाई त्या गटात असतेच असते, तिला बोलतं करायचं. ‘मला पण होतं गं, मी असं करते’ हे वाक्य डॉक्टरच्या तोंडून येऊ शकत नाही.

आशांवर आणखी एक काम लादायचं का, हा आक्षेप रास्त आहे. रक्तदाब, साखर, क्षय, कुष्ठ, लस, सर्वेक्षण. मानधनासाठी २०२३ मध्ये त्यांना राज्यभर संप करावा लागला. नवजात बाळाच्या फेऱ्यांना जसा ठरलेला मोबदला आहे तसा याला नसेल तर हे काम कागदावरच होईल, आणि तसं झालेलं बरं नाही. २०१८ नंतर आलेले उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी हे यासाठी योग्य जागी बसलेले आहेत. त्यांच्या सेवांच्या यादीत वृद्धांची काळजी आणि वेदनाशमन लिहिलेलंही आहे. अडचण अशी की आपली यंत्रणा ज्याचा शेवट मोजता येतो त्याच्यामागे धावते. क्षयाचे महिने संपतात, बाळाचे बेचाळीस दिवस संपतात. कंबरेचं काहीच संपत नाही, त्यामुळे कुठल्या अहवालात ‘पूर्ण’ असं लिहिता येत नाही. इथं मोजायचं असेल तर या आवणीत किती दिवस उभी होती, एवढं मोजता येईल. तिला विचारलं तर ती दिवस अचूक सांगते. सावडीचा हिशेब तिला तोंडपाठ असतो.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथं माझंही वेळापत्रक तुटतं. दिवाळी उरकली की कातकरी कुटुंबं मालकाची उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे मेमधली फेरी करायला आशा जाईल तेव्हा झोपडीला ताटी लावलेली असेल. महिला व बालविकास विभागाने स्थलांतरितांचा माग ठेवणारी प्रणाली केली आहे. मूल किंवा गरोदर बाई गाव सोडून गेली तर पोचल्या ठिकाणच्या अंगणवाडीला ते कळावं, आहार आणि लस चुकू नये, यासाठी. त्याच नोंदीत आईच्या दुखण्याचा एक रकाना जोडायला तंत्र आडवं येत नाही. पण रकाना भरला आणि भट्टीजवळच्या आशाने तो वाचलाही, तरी दिवसभर उकिडवं बसून विटा पाडणाऱ्या बाईला दोन आठवडे दुसरं काम द्या, असं मुकादमाला सांगायचा अधिकार तिला नाही. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यालाही नाही. तिथं कामगार खात्याचा माणूस लागेल, आणि उचल अजून फिटलेली नसताना तो नेमकं काय सांगू शकेल, हे मला अजून सुचलेलं नाही.